घेवड्याची साक्ष

४ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

काचघराच्या छताची मागची खिडकी उघडत नाही. लाकूड फुगलं आहे की बिजागरी गंजली आहे, मला समजत नाही. तू ती बसवलीस तेव्हा म्हणाला होतास की एक खिळा मुद्दाम अर्धा बाहेर ठेवला आहे, तो उपसला की चौकट सुटते. मला चार खिळे अर्धे बाहेर दिसतात. त्यातला कुठला, एवढंच कळव. कार्डावर एक ओळ पुरे.

एवढ्यासाठी दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे, हे खोटं वाटेल. थोडं खोटं आहेच. पण खिडकी खरोखर अडकली आहे. सकाळी काचांच्या आतून पाणी ओघळतं, हवा कोंदट होते आणि पालकाची कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. काल एक अख्खा ट्रे गेला. पहिल्या वर्षी मला वाटायचं की काचघर म्हणजे ऊब. आता कळतं की ऊब आपोआप मिळते, मेहनत करावी लागते ती हवा खेळती ठेवायला.

आतली माती मी वीतभर खोल काढून टाकली. ती मागच्या कुंपणाशी ढीग करून ठेवली आहे, तिच्यावर गवत उगवलं आहे. गवताला काही होत नाही. आत आपल्याच पालापाचोळ्याचं खत घातलं. बाहेरचं काहीही नाही.

बाबा हिवाळा लागल्यापासून बागेत उतरलेले नाहीत. पाय सुजतात, दोन पायऱ्या चढले की धाप लागते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे. खुर्ची खिडकीशी आहे, पण त्यांनी ती भिंतीकडे तोंड करून फिरवून घेतली. आत्या म्हणाली, "भिंतीवर काय दिसतं रे तुला?" ते म्हणाले, "बाग दिसत नाही, तेवढं पुरे."

आत्या तशीच आहे. मी रोपांना हवा यावी म्हणून धडपडते आहे ते पाहून म्हणते, "माझ्या खोलीतला पंखा चार महिने बंद आहे. मी टोमॅटो असते तर एव्हाना दुरुस्त झाला असता."

मागच्या गोष्टींबद्दल मी लिहिणार नाही, असं ठरवून बसले होते. तरी एक सांगते. काल मी माझी त्या वर्षीची वही काढली. बाबांचा नियम तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट ऐकू येईल. बाहेरचं खत फाटकाच्या आत यायचं असेल तर आधी सहा कुंड्या. तीन त्या खताच्या, तीन साध्या मातीच्या. प्रत्येकीत घेवडा लावायचा आणि तीन आठवडे थांबायचं. खताच्या कुंडीतली पानं साध्या कुंडीतल्यासारखी सरळ आली तरच खत आत. "आधी घेवड्याला विचार," असं ते म्हणायचे, जणू घरातला कुणी वडीलधारा माणूस आहे. तर वहीत १९ मार्चला लिहिलं आहे, "घेवडा ठीक." अक्षर माझं आहे.

खिळ्याचं कळव.

ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

तुझं कार्ड आलं. "डावीकडून दुसरा." आत्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "पोराने शाई फारच जपून वापरली." मी मात्र ते टेबलावर उभं करून ठेवलं आहे. खिळा उपसला, चौकट हातात आली, बिजागरीला तेल दिलं. खिडकी उघडते. संध्याकाळी बंद करायला एकदा विसरले, त्या रात्री थंडीने आणखी आठ रोपं गेली. तो दोष माझा, खिडकीचा नाही.

बाबांनी विचारलं, "कोणी उघडली?"

"मीच. त्याने पत्राने सांगितलं कशी उघडायची."

ते म्हणाले, "काम येतं त्याला. ते मी कधी नाकारलं नाही."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांनी दुसरं काय नाकारलं आणि ते नाकारताना मी कुठे उभी होते, हे आठवलं.

मी उभी होते काचघराच्या दारात, उजव्या हाताला. मे महिना होता. टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या पानासारखे बारीक होऊन आत वळले होते. बाहेरच्या चार वाफ्यांत वाटाणा आणि घेवडा, त्यांचंही तेच. बाबांनी एक पान बोटांत धरलं, सोडलं आणि म्हणाले, "हा रोग नाही. हे तणनाशक आहे." एकवीस वर्षं त्या मातीत त्यांनी चिमूटभर औषध पडू दिलं नव्हतं. तू औषधांच्या आणि बियाण्यांच्या दुकानात नोकरीला लागलास तेव्हा दुकानातून आलास की फाटकाशी बूट काढायला लावायचे, आठवतं? आपण हसायचो.

तेवढ्यात शेजारचे हेडमास्तर कुंपणावरून म्हणाले, "तुमचा मुलगा परवा पंपाने काहीतरी मारत होता बुवा काचघराला. मी आपलं पाहिलं ते सांगितलं."

तू म्हणालास, "काचा धुतल्या. पाण्याने. धुळीने माखल्या होत्या. पंप कोरा होता, दुकानातून आणलेला."

"दुकानात तेच विकतोस आणि घरी येऊन पाणी मारतोस?" बाबा म्हणाले.

मग तू माझ्याकडे वळलास. "ताई, तू सांग ना. तूच म्हणाली होतीस काचा धू म्हणून."

मी काय म्हणाले ते मला शब्दश: आठवतं. मी म्हणाले, "काचा धुवायला मी सांगितलं होतं. पंपात काय होतं ते मी कसं सांगणार?"

वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. वीस वर्षं मी दुकानांचे वजनकाटे तपासते, मला बारीक फरक कळतात. खरं बोलूनही पारडं कुठल्या बाजूला झुकवता येतं, हे मला त्या दिवशी माहीत होतं. मी जाणूनबुजून बोलले का? इतके दिवस मी स्वत:ला सांगत आले की नाही, तोंडातून निघून गेलं. आता तसं वाटत नाही.

तू पंप उचललास, गाडीत टाकलास आणि गेलास. आत्या फाटकापर्यंत तुझ्या मागे आली होती. मी नाही.

ताई


३ मार्च

ठोक्या,

आज प्रिय लिहिलं नाही, कारण पुढचं वाचल्यावर तुला तो शब्द बोचेल.

पंपात पाणीच होतं, याची मला त्या वेळी खात्री होती. विष कुठून आलं, तेही मला माहीत होतं. निदान शंका नक्कीच होती, आणि ती विचारायचं धाडस मी केलं नाही.

ते खत मी आणलं. घोडेस्वारी शिकवतात त्या तबेल्यातून, गाडीभर लीद. तबेलेवाला म्हणाला, "बाई, आम्ही इथे काही म्हणजे काही फवारत नाही." तो खरं बोलत होता. पण घोड्यांचं गवत विकतचं होतं आणि कुठल्यातरी लांबच्या कुरणात त्या गवतावर तण मारायचं औषध पडलेलं होतं. ते गवतातून घोड्याच्या पोटात गेलं, पोटातून लिदीत, लिदीतून आपल्या वाफ्यांत. घोड्याला त्याने काही होत नाही. टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांना होतं. हे सगळं मी त्या जून महिन्यात वाचनालयात बसून वाचलं आणि पुस्तक जागेवर ठेवून घरी आले. तू तेव्हा जाऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हाही सांगता आलं असतं.

पण माझी चूक त्याच्याही आधीची आहे. कुंड्या मी लावल्या होत्या, सहाही. काचघरात, दाराजवळच्या फळीवर. ४ मार्चला लावल्या, म्हणजे २५ पर्यंत थांबायला हवं होतं. १९ तारखेला, पंधराव्या दिवशी, खताच्या तिन्ही कुंड्यांतली नवी पानं द्रोणासारखी वळलेली होती. मी ती पाहिली. बोटाने उघडून पाहिली, सोडली की पुन्हा मिटायची.

मी स्वत:ला म्हणाले, उष्णता. काचघर नवं होतं, छताची खिडकी कधी उघडायची ते मला कळत नव्हतं, त्या आठवड्यात दुपारी आत चाळीसच्या वर पारा जायचा. नवख्या माणसाला हे कारण पटण्यासारखं आहे. पण साध्या मातीच्या तीन कुंड्या त्याच फळीवर होत्या, त्याच उन्हात, आणि त्यांची पानं सरळ होती. ठोक्या, काट्याच्या एका पारड्यात आणि दुसऱ्यात फरक दिसत असताना "काटा बरोबर आहे" असा शिक्का मी आयुष्यात कधी मारलेला नाही. त्या सकाळी मारला.

का? माझी चारच दिवसांची रजा होती. लीद फाटकाबाहेर गाडीत पडून होती. ट्रेमधली टोमॅटोची रोपं लांबुडकी, मलूल होऊन चालली होती. बाबा काचघराला "ताईची गॅलरी" म्हणायचे आणि पाहुण्यांना दाखवताना हसायचे. मला त्यांना जूनमध्ये आपल्या काचघरातला टोमॅटो हातात द्यायचा होता. ही कारणं मी मांडते तेव्हा ती वजनाला किती हलकी आहेत ते दिसतं. पण खरी कारणं हीच आहेत, याहून मोठी नाहीत.

मी सहाही कुंड्या उपटून रिकाम्या केल्या. वहीत "घेवडा ठीक" लिहिलं. मग घरात येऊन म्हणाले, "बाबा, घेवड्याला विचारलं. ठीक आहे."

बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. जाकीट चढवलं आणि बाहेरच्या चार वाफ्यांत ते खत स्वत:च्या हातांनी पसरलं. मी म्हणाले, मी करते. ते म्हणाले, "तू गॅलरी सांभाळ."

हे आहे सगळं. मी माफी मागत नाही, कारण मागितली की उत्तर देण्याचं ओझं तुझ्यावर पडतं. बाबांना सांगणार आहे. डॉक्टर काल आले होते, त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की आठवडे मोजा, महिने नाही. आधी तुला सांगितलं ते धैर्यामुळे की भीतीमुळे, मला ठरवता येत नाही. तू लांब आहेस, तुझा चेहरा दिसत नाही. बहुतेक भीतीच.

ताई


१२ मार्च

ठोक्या,

सांगितलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रविवारी सकाळी त्यांना जरा बरं होतं. मी स्टूल घेऊन त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये बसले, म्हणजे त्यांना माझ्याकडे पाहावंच लागेल. कुंड्या, पानं, वही, लीद, सगळं क्रमाने सांगितलं. पंपात पाणी होतं, हेही. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "झालं तुझं?"

"हो."

"वही आण."

मी आणली. त्यांनी भिंग लावून ते पान वाचलं. "घेवडा ठीक. हे तुझं अक्षर ना?"

"हो बाबा. पण मी खोटं लिहिलं."

"तू?" ते हसले, मग खोकले. "मामाच्या काट्यात पाच ग्रॅमची तफावत निघाली म्हणून सख्ख्या मामाला नोटीस देणारी तू? तुझी आई सहा महिने माहेरी तोंड दाखवू शकली नाही."

"ते वेगळं होतं."

"माणूस वेगळं नसतं. भावासाठी करतेस, कळतं मला. मी जायच्या आधी त्याचं नाव धुऊन काढायचं आहे तुला. चांगलं मन आहे तुझं. पण मला शेंडी लावू नकोस."

आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अरे, ती स्वत:च्या तोंडाने कबूल करते आहे तर ऐक तरी! दोन वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन बसलायस."

"तू मध्ये पडू नकोस. तुला टोमॅटो आणि मिरचीच्या रोपातला फरक कळत नाही."

"रोपातला नसेल कळत. पोरांतला कळतो," आत्या म्हणाली आणि आत गेली. तिने नंतर भांडी इतकी आदळली की बाबांनी दार लावायला सांगितलं.

मी पुन्हा सांगितलं. तबेलेवाल्याला बोलावते म्हणाले. ते म्हणाले, "तो येऊन काय सांगेल? आम्ही फवारत नाही, हेच ना?" आणि खरंच, तो तेवढंच सांगेल. पुरावा मी काय देणार? कुंड्या मी रिकाम्या केल्या होत्या. उरली होती फक्त माझी वही आणि ती माझ्याविरुद्ध माझ्याच बाजूने साक्ष देत होती.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर कधी ठेवला नव्हता. "पुरे आता," म्हणाले. "दमलो मी."

मी आणखी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं बाबा, पडा जरा."

आता मुख्य गोष्ट लिहिते, नाहीतर हेही पत्र त्या वहीसारखं होईल. त्यांचा हात डोक्यावर होता तेव्हा मला हलकं वाटलं. सांगून झाल्याचं ते हलकेपण नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, याचं होतं.

ताई


२९ मार्च

ठोक्या,

बाबा गेल्याचं कळवायला आत्याने तुला फोन केला होता, तो तू उचललास, हे बरं झालं. "येऊन काय करू? गुन्हेगार म्हणून कोपऱ्यात उभा राहू?" असं तू म्हणालास, ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तुझं बरोबर आहे. अंत्यविधीला आलेल्या चाळीसएक माणसांपैकी निम्म्यांनी तसंच पाहिलं असतं.

म्हणून त्यातल्या ज्यांना पंपाची गोष्ट ठाऊक होती, त्यांच्याकडे मी स्वत: जाऊन आले. हेडमास्तरांना कुंपणापाशी गाठलं. ते म्हणाले, "अहो, आता कशाला उकरून काढता? मी आपलं पाहिलं ते सांगितलं होतं." मी म्हणाले, "तुम्ही पाहिलं ते पाणी होतं." ते म्हणाले, "असेल." त्या "असेल"वर मी त्यांना सोडलं नाही. आत गेले, त्यांच्या पत्नीसमोर पुन्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच?" मी हो म्हणाले. जो आरोप तू उन्हात उभं राहून ऐकलास, त्याचा मला फक्त वास आला.

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट राहिली आहे. ती आत्यालाही माहीत नाही, ती तेव्हा औषधं आणायला गेली होती.

त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "त्याला लिही. मी माफ केलं म्हणावं. पंपाचं मनात धरू नकोस म्हणावं. पोराच्या हातून चूक होते."

मी म्हणाले, "बाबा, त्याची चूक नव्हती."

"पुन्हा सुरू करू नकोस. लिही."

"लिहिते."

"आत्ता लिही. माझ्यासमोर. तू टाळशील."

त्यांना श्वास पुरत नव्हता. प्रत्येक शब्दानंतर थांबत होते. मी कागद घेतला आणि ते सांगतील तसं लिहीत गेले. पाच ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत तुझं नाव आहे, टोपणनाव नव्हे, पूर्ण नाव. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षांत त्यांनी ते नाव घरात उच्चारलं नव्हतं. मग पुस्तकावर कागद ठेवून त्यांनी सही केली. सहीला बराच वेळ लागला. मी त्यांचा हात धरला नाही, धरू दिला नाही त्यांनी.

त्या क्षणी लेखणी खाली ठेवून, "नाही, मी हे लिहिणार नाही," असं म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, कदाचित नसतं. मला खरंच माहीत नाही. मी असं समजले की मरणाऱ्या माणसाला शांत जाऊ द्यावं. आता वाटतं, शांत कोणाला राहायचं होतं?

तो कागद सोबत आहे. मजकूर माझ्या अक्षरात आहे आणि तो खोटा आहे. सही त्यांची आहे आणि ती खरी आहे. ज्यासाठी तुला माफ केलं आहे ते तू केलेलं नाहीस. जिने केलं, तिला त्यांनी डोक्यावर हात ठेवून शाबासकी दिली.

सहीखाली थोडी जागा उरली होती. तिथे खरं काय ते लिहावं, असं मनात आलं होतं. चार दिवस कागद टेबलावर होता. नाही लिहिलं. त्यांच्या सहीखाली त्यांनी न वाचलेलं काही घालणं बरं नव्हे, आणि माझ्या अक्षरातलं त्या कागदावर आधीच पुरेसं आहे.

तो फाडलास तर तुझा अधिकार आहे. पण त्यात त्यांनी तुझं नाव घेतलं आहे आणि ते शेवटचं आहे, म्हणून मला तो फाडता आला नाही. काय करायचं ते मला ठरवता येईना, म्हणून तुझ्यावर ढकलला, असं तुला वाटलं तर तेही खरं आहे.

ताई